जाड तारेचा तिसरा पडदा

४ फेब्रुवारी, मंगळवार

"तू फक्त खाली धरून ठेव, वरचं मी बघते."

ताई हे म्हणाली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि मी सोळा. शाळेच्या सभागृहामागच्या खोलीत पाच वाद्यं ठेवली होती. चार जणांनी चार उचलली. बेस गिटार उरली, कारण तिला चारच तारा आणि त्याही जाड. तिच्यावर गाणं वाजत नाही असं सगळ्यांचं मत. ती माझ्या गळ्यात पडली. नेमकं करायचं काय, असं मी ताईला विचारलं, त्यावर तिने दिलेलं हे उत्तर. अठ्ठावीस वर्षांत मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटलेली नाही. आई आजारी पडली तेव्हाही आम्ही असंच वाटून घेतलं. डॉक्टरांशी आणि नातेवाइकांशी बोलणं ताईचं. औषधांच्या वेळा, चादरी आणि डबे माझे.

आज हे आठवलं कारण शनिवारी माझा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, बिघडला. पुस्तकांच्या दुकानात आमचा छोटा कार्यक्रम होता. चौथ्या गाण्याच्या मधोमध करपलेल्या रबराचा वास आला आणि माझा आवाज बंद. समोरच्या वीस-पंचवीस माणसांपैकी कुणालाही काही कळलं नाही. आमच्यातले तिसरे मास्तर, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांनाही नाही, ते शेजारी गिटार वाजवत राहिले. ताईला कळलं. ती गात होती, ओळ अर्धी टाकून मागे वळली. नंतर म्हणाली, "पायाखालची पायरी कुणी काढून घ्यावी तसं झालं गं."

ॲम्प घेऊन डाखवाल्यांकडे गेले. ते जुनी वाद्यं आणि ॲम्प दुरुस्त करतात, विकतात. हातात कायम डाख लावायची तापलेली कांडी. त्यांनी मागचं झाकण उघडून नुसता वास घेतला आणि झाकण परत लावलं.

"दुसरा न्या. घरी आठवडाभर वाजवा, नाही पटला तर बदला. पण रोज लिहून ठेवा, टेलरबाई. कान फार विसरभोळा असतो. काल काय आवडलं होतं ते त्याला आज सांगता येत नाही."

म्हणून ही वही. माझ्या शिवणाच्या दुकानातल्या मापांच्या वहीची मागची कोरी पानं.

काय हवं ते आधी लिहिते. घरी सरावाला चालेल, खालच्या मजल्यावरचे भांडायला येणार नाहीत. साठ-सत्तर माणसांच्या जागेत पुरेल. दोन जिने एकटीला चढवता येईल. आणि २२ मार्चच्या आत हवा, कारण त्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम आहे. आजवर आम्ही दुकानांत आणि लोकांच्या दिवाणखान्यांत वाजवलं. हॉल पहिलाच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला ॲम्प आणला. आठ इंची स्पीकर. एका हातात येतो, शिलाई मशीनच्या डोक्यापेक्षा हलका. डाखवाल्यांच्या दुकानात होडीचं गाणं वाजवून पाहिलं. मास्तरांनी चाल लावलेलं, आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचं पहिलं. आवाज गोल, उबदार. डाखवाले कांडी बाजूला ठेवून ऐकत होते.

मला माप लिहिल्याशिवाय काही लिहिता येत नाही, म्हणून पडदाही, म्हणजे दांडीवर बोट ठेवायची जागाही, लिहिते. होडीचं गाणं: जाड तार, तिसरा पडदा. पडद्याचा आकडा कमी तितका सूर खाली. शून्य म्हणजे मोकळी तार, तिच्या खाली या गिटारमध्ये काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पाच वाजता सराव, माझ्या पुढच्या खोलीत. ताई आली तीच मफलर गुंडाळून. "आज अर्धा सूर खाली घेऊ या का? घसा जरा बसलाय."

होडीचं गाणं दुसऱ्या पडद्यावरून. आठ इंची ठीक वाजला. जरासा कोरडा.

मास्तरांनी ॲम्पभोवती फेरी मारली. "हा ॲम्प आहे की डबा? झाकण उघडलं की पोळी निघेल."

ताई हसली आणि मग बराच वेळ खोकली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खालचे गृहस्थ जिन्यात भेटले. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता एकटे असतात. तक्रार करायला नव्हे, माहिती द्यायला म्हणून थांबले.

"तुमच्या त्या एका गाण्यात माझ्या कपाटाची काच वाजते. शेवटून दुसरं. बाकीच्यांत नाही. बायकोचे कप आहेत आत, म्हणून लक्ष जातं."

शेवटून दुसऱ्या गाण्यात मी मोकळी जाड तार वाजवते, दोनदाच. तेवढी त्यांची काच ओळखते. ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला. बेसचं हे विचित्र असतं. जवळ बसलेल्याला कमी ऐकू येतो आणि भिंतीपलीकडच्याला जास्त.

१६ फेब्रुवारी, रविवार

होडीचं गाणं पहिल्या पडद्यावरून. ताई म्हणाली, हॉलपर्यंत घसा जपायचा, मग वर नेऊ.

आठ इंचीने मान टाकली. पहिल्या पडद्यावर सूर येत नाही, नुसता थड् असा आवाज येतो. मास्तर म्हणाले, "कुणीतरी ओला टॉवेल टेबलावर आपटतंय." मी लिहून ठेवते: आठ इंची नापास. ताई आज तिसऱ्या कडव्याला थांबली आणि म्हणाली, "तू दिसत नाहीयेस मला." म्हणजे ऐकू येत नाहीस. तिला ॲम्पचा त्रास होतोय. मोठा घ्यायला हवा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ताई दुकानात आली. हॉलसाठी तिचा काळा झगा नीट करायचा. माझं दुकान नवं शिवायचं नाही, शिवलेलं बदलायचं: आत घ्यायचं, सैल करायचं, उंची कमी करायची. ताईचे कपडे तिशीपासून माझ्याकडेच, तेव्हा तिची सगळी मापं याच वहीच्या पुढच्या पानांत आहेत.

कंबर दीड इंच कमी. "सकाळी चालते हल्ली," म्हणाली. मी म्हटलं, दिसतंय, छान.

गळा बंद हवा, कॉलर उभी. "वयाप्रमाणे," म्हणाली. गळ्याचं माप घेतलं तर पाऊण इंच जास्त. कंबर कमी झालेल्या बाईचा गळा वाढत नाही. चुकलं असेल म्हणून पुन्हा टेप टाकायला गेले, तर तिने माझ्या हातातून टेप काढून घेतली आणि गुंडाळून टेबलावर ठेवली.

"सैलच ठेव. माप कशाला दहादा?"

टेप जुनी आहे, ताणली असणार. मात्र ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही. तरी संध्याकाळी नवी आणली.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुसरा ॲम्प, दहा इंची. काल डाखवाल्यांकडे होडीचं गाणं वाजवलं, उत्तम. आज घरी तेच गाणं, तोच ॲम्प, आणि जाळी खरखरते. आज मोकळ्या तारेवरून. मास्तर गुडघ्यावर बसून जाळीला कान लावून म्हणाले, "आत एक म्हातारा राहतो, आणि आपण त्याला फार खाली बोलावतोय."

ताई बसून गायली. आवाज चांगला लागला, पण ओळींच्या शेवटी ती श्वास घेते तो मला ऐकू येतो. पूर्वी यायचा नाही. दहा इंचीच्या जाळीत हवा अडकत असेल, तीच ऐकू येते की काय कोण जाणे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दहा इंची परत नेला. डाखवाल्यांनी तो त्यांच्याच टेबलावर लावला आणि मला वाजवायला सांगितलं. उत्तम वाजला. मी चिडले. घरी गेला की रुसतो आणि इथे आला की शहाण्यासारखा वागतो.

"आत्ता कुठल्या पडद्यावर वाजवलंत?"

तिसऱ्या. बोटं आपोआप तिथेच जातात.

"आणि घरी?"

"मोकळ्या तारेवर."

ते म्हणाले, "म्हणजे माप घेतलं एका गिऱ्हाइकाचं आणि शिवलं दुसऱ्याला."

खरंच होतं. दोन्ही वेळा मी दुकानात जुन्या सुरात वाजवून ॲम्प निवडला आणि घरी नव्या सुरात वाजवला. अशी चूक माझ्या दुकानातल्या शिकाऊ मुलीने केली असती तर मी तिला दिवसभर काजं करायला बसवलं असतं.

"वरच्या सप्तकात घ्या ना," ते म्हणाले. "तोच सूर, वर. लहान ॲम्पलाही झेपेल."

मी म्हटलं, ताईला चालत नाही. मी वर गेले की तिला जमीन दिसत नाही.

"कधीपासून उतरतोय त्यांचा सूर?"

घसा डिसेंबरपासून बसलाय, सूर याच महिन्यात उतरायला लागला. त्या आधी होडीचं गाणं कायम तिसऱ्यावरच होतं.

त्यांनी कांडी उचलली आणि एका तारेला डाख लावायला लागले. ती तार आधीच जोडलेली होती. मग म्हणाले, "बारा इंची देतो. जड आहे. पण ॲम्प मोठा केल्याने गाणारीला वर जाता येत नाही, एवढं लक्षात ठेवा."

हे कुणाला माहीत नाही? मी काय तेवढ्यासाठी घेतेय?

२ मार्च, रविवार

बारा इंची. मी आणि मास्तरांनी मिळून वर आणला. पहिल्या जिन्यावर मास्तर म्हणाले, मी आयुष्यभर पर्वत शिकवले, चढलो एकही नाही. दुसऱ्या जिन्यावर काही बोलले नाहीत.

आवाज मात्र असा की मोकळी तार छेडली आणि ताईच्या हातातलं गाण्यांचं पान थरथरलं. ती डोळे मिटून बसली. "ही जमीन. आता कितीही खाली जाऊ दे." सगळी गाणी सलग झाली. मास्तरांनी दोन चुका केल्या, दोन्ही मान्य केल्या. इतका छान सराव वर्षभरात झाला नव्हता.

हाच घ्यायचा. जिने एकटीला चढवण्याची अट खोडते.

ताई सगळा वेळ बसून होती. हॉलमध्येही तिला उंच स्टूल हवंय. "उभं राहिलं की दम पुरत नाही." सकाळी चालते, आणि दम पुरत नाही. विचारायचं राहिलं.

५ मार्च, बुधवार

ताई झगा घालून बघायला घरी घेऊन गेली.

६ मार्च, गुरुवार

भावोजी दुकानात आले. पँटची उंची कमी करायची म्हणाले. मोजली. गेल्या वर्षी मीच केलेली, तेवढीच आहे. तसं सांगितलं, तर म्हणाले, "असू दे मग," आणि स्टुलावर बसले. तासभर बसले. गिऱ्हाइकं येत-जात होती. त्यांनी माझा बटणांचा डबा घेतला आणि रंगांप्रमाणे बटणं वेगळी करत राहिले.

"ती तुला काही बोलली का?" मधेच विचारलं.

"कशाबद्दल?"

"हेच. कार्यक्रमाबद्दल वगैरे."

"बारा इंची आवडलाय तिला."

"बारा इंची," ते म्हणाले. मग मान हलवली. "तू सांगितलंस तर ती ऐकते. माझं ऐकत नाही."

मी म्हटलं, माझं तिने आजवर कधी ऐकलंय? तिने उभी कॉलर सांगितली की मी उभी लावते.

ते पँट न घेताच गेले. पांढरी बटणं सगळी एका वाटीत, त्यात माझी दोन मोत्याची सापडली जी मी वर्षभर शोधत होते.

११ मार्च, मंगळवार

ताईने झगा परत आणून दिला. कॉलर अजून अर्धा इंच वर हवी. दारातून बाहेर पडता पडता म्हणाली, "खिसे तपास हं. नेहमीसारखे."

मला शिकवते. वीस वर्षं मी कपडा हातात घेतला की आधी खिसे तपासते. आमच्या दुकानाचा नियम आहे आणि तो मीच केलाय: खिशात मिळालेलं काहीही पाकिटात घालायचं, वर नाव लिहायचं, कपड्याला टाचणीने लावायचं. कागद असेल तर उघडायचा नाही. लोकांच्या खिशात काय काय असतं ते एकदा वाचलं की त्यांच्या तोंडाकडे बघून माप घेता येत नाही.

ताईच्या उजव्या खिशात चार घड्या घातलेला कागद होता. बाहेरच्या घडीवर रुग्णालयाचा शिक्का. पाकिटात घातला, "ताई" लिहिलं, टाचलं.

१४ मार्च, शुक्रवार

खालचे गृहस्थ वर आले. पहिल्यांदाच. दारातच उभे राहिले.

"काचेचं सांगायला आलो."

मी माफी मागितली. म्हटलं, ॲम्प मोठा आणलाय, आवाज कमी ठेवते.

"आवाज तेवढाच आहे हो. मोठा नाही. पण आधी एकाच गाण्यात वाजायची. आता सगळ्याच गाण्यांत वाजते. मी कप काढून ठेवलेत, तेव्हा तसं काही नाही. नुसतं कळावं म्हणून." जाताना वळले. "गाणाऱ्या बाईंना बरं नाही का?"

म्हटलं, घसा बसलाय.

"तीन महिने?"

घड्याळवाल्यांना सगळं मोजायची खोड असते.

१६ मार्च, रविवार

सराव. ताई म्हणाली, अजून अर्धा सूर.

मी म्हटलं, अजून खाली काही नाही. ही मोकळी तार.

"तार उतरव ना."

उतरवली. जाड तार अर्धा सूर सैल केली. ती इतकी ढिली झाली की बोटाखाली हलते. मास्तर म्हणाले, "समुद्रसपाटी कधीच मागे पडली," आणि त्यांच्या वाक्यावर कुणी हसलं नाही, तेही नाही. ताई गाताना एकसारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, मी चुकतेय.

ते गेल्यावर हॉलसाठी टिपणं नीट करावीत म्हणून ही वही काढली. ॲम्पचे गुणदोष सोडून नुसते आकडे एका ओळीत लिहिले, मापं लिहिते तसे. ३, २, १, ०, आणि आज शून्याच्या खाली. शेजारी वहीच्या पुढच्या पानावरची तिची मापं. कंबर उणे दीड. गळा अधिक पाऊण.

एका बाईची मापं म्हणून ही माझ्यापुढे कुणी ठेवली असती, तर मी तिला विचारलं असतं.

वही मिटून ठेवली. मग उगाच गिटार ॲम्पशिवाय मांडीवर घेतली आणि तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवून बसले. वाजवलं नाही.

१९ मार्च, बुधवार

ताई शेवटचं घालून बघायला आली. दुकानाचं दार लावून घेतलं. ती आरशासमोर उभी, मी मागे, कॉलरला टाचण्या. पाकीट सोडवून खुंटीवर अडकवलं होतं. गळ्याभोवती नवी टेप टाकली. या वेळी तिने ती काढून घेतली नाही. मी आकडा वाचला नाही, नुसती धरून उभी राहिले.

"वाचलास ना?" ती आरशातून म्हणाली.

"काय?"

"खिशातला कागद."

"पाकिटात घातलाय. ते काय खुंटीवर."

"वाचलास का, असं विचारतेय मी."

"गिऱ्हाइकांचे कागद आम्ही वाचत नाही."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. एक टाचणी निसटली.

"मी गिऱ्हाईक आहे?"

मी कॉलर धरून ठेवली.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस मी वाट बघतेय, तू काही बोलशील म्हणून. रविवारी तुझ्या तोंडाकडे बघत गायले. म्हटलं, काय दगडाचं काळीज आहे हिचं, सगळं वाचून तार उतरवून देते आणि अवाक्षर काढत नाही."

"मला वाटलं, तू खिशात विसरलीस."

"मी आजवर खिशात काही विसरलेय?"

नाही. तिचे खिसे नेहमी रिकामे असतात. आतल्या शिवणीत धागासुद्धा नसतो. हे जगात मला एकटीला माहीत होतं.

"तोंडाने का नाही सांगितलंस?"

"बोलणं माझ्याकडे असतं, ठाऊक आहे." ती स्टुलावर बसली. "सगळ्यांशी बोलून झालं. डॉक्टरांशी, ह्यांच्याशी, रुग्णालयातल्या त्या कारकुनाशी. तुझ्यापाशी आले की मला नाही जमायचं. म्हटलं, ही खिसे तपासते. ही वाचेल."

मग तिने सांगितलं. गळ्यात गाठ आहे. काढायलाच हवी, आणि काढून तपासल्याशिवाय डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत. आवाजाची नस तिच्या अगदी लगटून जाते. आवाज राहील, पण हाच राहील असं कुणी लिहून देत नाही. तारीख २४ मार्च, सोमवार, सकाळी आठ. कागदावर तेच आहे.

"मग सोमवारी जायचंय."

"बघू. वाचनालयवाल्यांनी बारा एप्रिललाही बोलावलंय. मी हो म्हटलं."

"ताई."

"एवढं एक होऊ दे. मग जाते." मग हसली. "तुझा बारा इंची आहे ना. अजून थोडं खाली जाता येईल."

आजवर मी तिला लागेल तेवढं खाली गेले, आणि त्याला साथ म्हणत आले. हे तिला सांगायचं होतं. त्याऐवजी म्हटलं, हलू नकोस, टाचणी टोचेल. मग दोघींनी मिळून कॉलरच्या टाचण्या काढल्या. अकरा होत्या. एक सापडली नाही, ती फरशीवर शोधत आम्ही दोघी बराच वेळ गुडघ्यांवर होतो, आणि मला वाटतं आम्हाला दोघींनाही ती सापडायला नको होती.

२० मार्च, गुरुवार

डाखवाल्यांकडे गेले. बारा इंची हॉलपुरता राहू द्या, रविवारी परत आणते, असं सांगितलं. घ्यायचा तो आठ इंची.

"तुमची मोकळी तार त्याला झेपत नाही. तुम्हीच नापास केलात."

"तिसऱ्या पडद्यावर झेपते."

त्यांनी विचारलं नाही. मांडणीवरून तो छोटा ॲम्प काढला, पुसला, कागदाच्या चिठ्ठीवर "टेलरबाई" लिहून ती त्यावर चिकटवली आणि टेबलाखाली ठेवला. मग म्हणाले, "एकदा वाजवून घ्या. योग्य मापाने."

वाजवलं. होडीचं गाणं, नुसता बेस, तिसऱ्या पडद्यावरून. ऐकताना कळतं की वरची जागा मोकळी आहे. वाईट नाही वाटत. कुणी उठून गेलंय आणि खुर्ची तशीच ठेवलीय, इतपत.

तिथून मास्तरांकडे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गिटारच्या तारांवर तळवा ठेवला, जणू ती आपणहून वाजेल. म्हणाले, "बारा एप्रिल दोघांनी करू. लोक कंटाळले तर मी त्यांना नद्यांची नावं सांगेन." मग, "मला वाटायचं, मीच पट्टी चुकतोय."

भावोजींना फोन केला, ती बोलली आणि सोमवारी मीही येतेय असं सांगितलं. ते म्हणाले, "ती माझी पँट राहिलीय तुझ्याकडे," आणि फोन ठेवला.

२१ मार्च, शुक्रवार

झगा तयार. कॉलर उभी, आतून मऊ अस्तर, बाहेरून काही दिसणार नाही. इस्त्री केली. बाकीचे कपडे आज हातातही घेतले नाहीत.

तिचा कागद आज उघडला. तिने सांगितलं त्याहून वेगळं त्यात काही नव्हतं. परत चार घड्या घालून त्याच उजव्या खिशात ठेवला. बरोबर माझी एक चिठ्ठी. टाचली नाही, पाकीट नाही, वर नाव नाही. उद्या हॉलच्या मागच्या खोलीत झगा घालताना ती खिशात हात घालेलच.

वाचून ती नाही म्हणेल. म्हणेल, गाण्याशिवाय बेस ऐकायला कोण येतं, आणि ते खरं आहे. म्हणेल, हॉलवाल्यांना शब्द दिलाय. म्हणेल, हे बोलणं माझ्याकडे असतं, तू कधीपासून करायला लागलीस. स्टुलावर बसेल, मला खूण करेल, आणि मला खाली यावं लागेल. तरी लिहिलं. दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं. इथे उतरवून ठेवते, कारण कान विसरभोळा असतो:

"ताई, उद्या तू कितीही खाली घे, मी तिथे असेन. पण सोमवारी आठ वाजता आपण तिघं जाऊ. बारा एप्रिलला मी आणि मास्तर दोघंच वाजवू, होडीचं गाणं त्याच्या मूळच्या सुरात, तिसऱ्या पडद्यावरून. मी खाली धरून ठेवते. वरची जागा तेवढे दिवस रिकामी राहू दे."